विहिरीवरचे तीन फोटो

वसुधाने फोटो खिडकीच्या गजांपाशी धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब केला आणि पुन्हा पाटावर टाकला. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. धड भाजी चिरून होत नव्हती, की एका जागी बसवत नव्हतं. संध्याकाळी स्थळ आणणारे मार्तंडकाका होकार न्यायला येणार होते आणि तो घेऊन रात्रीच्याच गाडीने मुलाकडे निघणार होते.

होकारच. नकाराची गोष्टच कोणी काढत नव्हतं. मुलगा, नंदकिशोर, गुजरातेत खंबायतेकडे सरकार तेलासाठी विहीर खणत होतं तिथे ‘मोठ्या हुद्द्यावर’ होता, असं काकांचं म्हणणं. मुलुंडच्या त्या घरात तेल म्हणजे गोडं तेल, नाहीतर घासलेट. ते जमिनीतून काढणारा जावई मिळतोय म्हटल्यावर आईला आकाश ठेंगणं झालं होतं. मुलाला रजा मिळेल तेव्हा बघण्याचा कार्यक्रम. तोवर इकडचा फोटो तिकडे गेला होता, तिकडचे तीन इकडे आले होते.

"त्याच्या आईला तुझ्या फोटोतला चपलाहार फार आवडला म्हणे," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "तो शेजारच्या मालनवहिनींचा, हे आत्ताच बोलायचं काही कारण नाही."

वसुधाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फोटो वाचत होती. ही विद्या तिला थोरल्या बहिणीकडून, कुंदाताईकडून मिळाली होती, आणि कुंदाताईला ती फार उशिरा आली होती. तिच्या नवऱ्याच्या फोटोत मोटार होती. लग्नानंतर कळलं, मोटार मालकाची होती आणि नोकरी केव्हाच सुटलेली. दिवाळीला माहेरी आलेली कुंदाताई अजून परत गेली नव्हती.

पहिल्या फोटोत उंच लोखंडी मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून नंदकिशोर, डोक्यावर पत्र्याची टोपी. दुसऱ्यात तोच, तसाच, शेजारी एक कामगार.

"बूट बघ," कुंदाताई मागून वाकून म्हणाली. "सगळा राडा चिखलाचा, आणि याचे बूट कसे लख्ख."

"साहेब आहे गं तो. साहेब काय चिखल तुडवणार?" आई म्हणाली.

वसुधा बुटांपाशी थांबली नाही. तिला टोपी खटकत होती. नंदकिशोरच्या ती पार कानांवर उतरली होती. शेजारचा कामगार उघड्या डोक्याने, डोळे बारीक करून उन्हात उभा. त्याचा चेहरा रापून काळा झाला होता, पण कपाळाचा वरचा भाग रेघ मारल्यासारखा गोरा. तिथवर रोज टोपी असल्याशिवाय असं कपाळ राहत नाही.

"टोपी याची आहे," ती कामगारावर बोट ठेवून म्हणाली. "फोटोपुरती मागून घेतलीय."

कुंदाताईने नुसता वसुधाच्या खांद्यावर हात ठेवला. वसुधाला तो हात नकोसा झाला. ती उठून परसात गेली, तहान नसताना पाणी प्यायली, परत आली. सुरुवातच खोट्याने. आता अण्णांसमोर, काकांसमोर नाही कसं म्हणायचं? तिला रडायला येत होतं आणि रागही येत होता.

तिसरा फोटो आईने कोनाड्यात टाकला होता.

"त्यात मुलगाच नाही," आई म्हणाली. "चुकून आला असेल."

वसुधाने तो काढला. तिन्ही फोटोंच्या मागे एकाच अक्षरात एक, दोन, तीन असे आकडे होते. चुकून आलेल्या फोटोला कोण कशाला आकडा घालेल?

कामगार लोखंडी नळांवर जेवायला बसले होते. गोऱ्या कपाळाचा तो मात्र उभा होता. टोपी आता त्याच्या डोक्यावर होती, मुद्दाम कानांवर ओढलेली; छाती पुढे, हात कमरेवर. बाकीचे पोट धरून हसत होते, कॅमेऱ्याकडे बघत. खाली मातीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. कोपरं फाकलेली, कॅमेरा पोटाशी, डोक्यावर काही नाही, केस वाऱ्याने विस्कटलेले.

वसुधा बघत राहिली. सावली नंदकिशोरची होती; ते त्याचीच नक्कल करत होते, त्याच्या तोंडावर, न भिता. आणि या गृहस्थाने आपल्याच फजितीचा फोटो काढला, धुऊन घेतला, आकडा घालून मुलीकडे पाठवला. तिला एकदम हसू फुटलं. मग तिचा हात आपल्या गळ्याकडे गेला. तिथे नेहमीची बारीक साखळी होती.

संध्याकाळी मार्तंडकाकांनी चहा बशीत ओतला. "मग, काय सांगू तिकडे?"

अण्णांनी लेकीकडे पाहिलं. वसुधाने पहिले दोन फोटो काकांपुढे ठेवले. तिसरा तिच्या हातातच राहिला.

"अगं, त्यात मुलगा कुठाय?" काका म्हणाले.

"आहे." तिने सावलीवर बोट ठेवलं. "काका, त्यांना एवढंच सांगा, माझ्या फोटोतला चपलाहार मालनवहिनींचा आहे."

आईने कपाळाला हात लावला.

"आणि होकार?"

"हे ऐकून ते हसले, तर माझा होकार."

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कुंदाताईकडे पाहिलं, आणि मान डोलावली.