एकतीस नावं

फलकने तीच ओळ तिसऱ्यांदा टाइप केली, एकेक शब्द बोट ठेवून तपासला आणि एंटर दाबला. पडद्यावर पुन्हा शून्यच आलं.

समोरच्या वहीत तिने तीन आकडे लिहून ठेवले होते. तपासणीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक निघालेले चारशे बारा. त्यांतले निकाल कळवलेले तीनशे एक्याऐंशी. न कळवलेले शून्य. बेरीज जुळत नव्हती. मधले एकतीस जण कुठेच नव्हते.

ती उठली, पाण्याचा ग्लास भरला आणि न पिता तसाच टेबलावर ठेवून पुन्हा खुर्चीत बसली.

दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून ती अमरावतीच्या या संस्थेत आली, तेव्हा तिला फक्त एक्सेल येत होतं. संस्था गावोगाव शिबिरं घेई, रक्त तपासून ज्याचा त्याला निकाल कळवी. त्या नोंदी सांभाळणं हे फलकचं काम. डेटाबेसला प्रश्न कसे विचारायचे ते ती मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकली. सिलेक्टच्या पुढे काय हवं ते लिहायचं, फ्रॉमच्या पुढे कुठल्या तक्त्यातून, व्हेअरच्या पुढे अट. त्या पहिल्याच महिन्यात तिने स्वतःची अशी एक क्वेरी लिहिली होती. जे वाहक आहेत आणि ज्यांच्या 'कळवले' या रकान्यात 'नाही' आहे, त्यांची नावं दे. एकही नाव आलं नाही. प्रमुख भगवंत सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं आणि अहवालात छापलं होतं, शंभर टक्के लोकांना निकाल कळवले.

आज सकाळी ती पुढचा धडा पाहत होती. रकान्यात 'नाही' लिहिलेलं असणं वेगळं आणि काहीच लिहिलेलं नसणं वेगळं, असं शिकवणारा सांगत होता. 'नाही' मागितलं तर रिकामे रकाने येत नाहीत. 'हो' मागितलं तरी येत नाहीत. ते हवे असतील तर नाव घेऊन मागावे लागतात. इज नल, म्हणजे 'रिकामं आहे'.

तिने शेवटचा शब्द खोडला आणि तिथे ते दोन शब्द लिहिले. बोट एंटरवर टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं.

एकतीस ओळी पडद्यावर उतरल्या. नाव, वय, गाव, तारीख. बहुतेक सगळ्या एकाच शिबिरातल्या, दर्यापूरच्या कॉलेजात विद्यार्थी आणि गावकरी दोघांसाठी घेतलेल्या.

ज्यांचे नंबर होते त्यांना फोन लावून झाल्यावर ती लॅपटॉप तसाच उघडा घेऊन भगवंत सरांच्या खोलीत गेली. त्यांनी यादी खालपर्यंत पाहिली, पुन्हा वर नेली.

"नोंद करायची राह्यली असन. निकाल त दिलेच असतीन."

"बावीस जनाइले फोन लावले, सर. नऊ लागले. नऊच्या नऊ म्हनतात, आमाले कोनी काही सांगतलं नाई."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुढच्या आठवड्यात अहवाल जाऊन राह्यला. तो जाऊ दे, मंग शांतपनानं पाहू."

"यात सतरा जन लग्नाच्या वयाचे हायेत."

फलक उभीच होती. उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत होती हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने पाय दाबून धरला.

"कोनाची चूक हे बी पाहा लागन," सर म्हणाले.

"माहीच हाये. ती क्वेरी मी लिहेली होती."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"संघपालले सांग. उद्याच निंघा."

संघपाल संस्थेचा समुपदेशक. निकाल घरोघरी जाऊन समजावून सांगणं हे त्याचं काम. दर्यापूरच्या त्या शिबिरानंतर तो अर्ध्याच घरी गेला होता, मग त्याची वर्षभरासाठी धारणीला बदली झाली आणि उरलेली यादी कुणाच्याच हाती आली नाही. सकाळच्या एसटीत तो हे सांगत होता, आणि फलक खिडकीतून बाहेर पाहत हातातला कागद उलगडत होती, घडी करत होती, पुन्हा उलगडत होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. वेचणाऱ्या बाया ओळीओळीने पुढे सरकत होत्या.

"फलकताई, तो कागद फाटन," संघपाल म्हणाला.

दर्यापूरला उतरून ते जीपने एका गावात गेले. पहिल्या दोन घरांत काम लवकर आटोपलं. एक मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता, त्याच्या वडिलांकडून नंबर घेतला. दुसऱ्या घरातल्या बाईंचं वय पन्नाशीचं होतं, आता कुठलं लग्न न् कुठलं लेकरू, म्हणून त्या ऐकून हसल्याच. तिसरं नाव प्रणाली, वय बावीस.

घराला नवा रंग दिला होता. अंगणात पत्रिकांचा एक गठ्ठा खाटेवर ठेवला होता आणि प्रणाली मांडी घालून पाकिटांवर नावं लिहीत होती. आई लीलाबाई दारात उभ्या होत्या.

संघपालने घाई केली नाही. आधी पाणी घेतलं, पीकपाणी विचारलं, मग बोलला.

"पोरी, तुले आजार नाई. हे आधी ध्यानात घे. तू फक्त वाहक हायस. तुले कधी काही होनार नाई. पन नवरा बी वाहक असला, त दर खेपेले लेकराले आजार व्हायची भीती असते. चारातून एक. म्हनून लग्नाआधी दोघायनं तपासाव लागते."

प्रणालीने पेनचं टोपण लावलं.

"दोन वर्स झाले त्या शिबिराले."

"हो," फलक म्हणाली. "तुले तेव्हाच कळाले पायजे होतं. माह्याकडून राह्यलं. माफ कर."

"बारा दिवसांवर लगन हाये, बाई," लीलाबाई मध्येच म्हणाल्या. "हॉल झाला, आचारी झाला. आता हे त्या लोकाइले सांगाव त ते मोडतीन. न सांगाव त..." पदर तोंडाशी नेऊन त्या पायरीवर बसल्या.

प्रणालीने आईकडे पाहिलं नाही. ती हातातल्या पाकिटाची कड अंगठ्याने घासत होती.

"माहा होनारा नवरा, धर्मेंद्र, माह्याच कॉलेजात होता," ती म्हणाली. "रक्त घेतलं त्या दिवशी रांगेत माह्या मांगंच उभा होता. त्याचं बी नाव असन तुमच्यात."

फलकने हातातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तो नव्हता. याद्यांतून सुटलेला आणखी एखादा असेल, ही भीती मात्र गेली नाही.

प्रणालीने लॅपटॉपच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आनलं न तुमी ते मशीन? पाहा."

"दुसऱ्याचा निकाल मले सांगता येत नाई. ज्याचा त्यालेच सांगाचा असते."

"सांगू नका. पाहा फक्त. त्याले बी कोनी सांगतलं नसन त?"

फलकने संघपालकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली.

तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. सगळ्या नोंदींची प्रत त्यातच होती. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. नाव, वडिलांचं नाव, कॉलेज. एका अक्षरात चूक झाली, तिने ते दुरुस्त केलं.

एकच ओळ आली. वाहक. पुढच्या रकान्यात 'हो' होतं. त्याच्या पुढे दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि कळवणाऱ्याच्या नावाच्या जागी संघपालचं नाव.

तिने पडदा थोडा त्याच्या बाजूला वळवला. संघपालने वाचलं. त्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि तो घडी न करताच मुठीत धरून ठेवला.

"काय आलं?" प्रणालीने विचारलं.

फलकने लॅपटॉप मिटला. उत्तर तयार होतं आणि ते तिचं नव्हतं.

"त्यालेच इचार."

"म्हंजे नाव नाई?"

"त्यालेच इचार, प्रणाली," आणि मग, स्वतःला थांबवता आलं नाही म्हणून, "आजच इचार."

प्रणाली तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आपण नजर चुकवायची नाही एवढंच फलकने ठरवलं होतं, पण शेवटी तिचीच नजर खाली गेली.

"काय म्हनते व?" पायरीवरून लीलाबाई म्हणाल्या. "काही समजू दे आमाले बी."

मांडीवरचं पाकीट बाजूला ठेवून प्रणाली उठली, मोबाइल घेतला आणि जिन्याने गच्चीवर गेली. खाली रेंज येत नसे. तिच्या चपलांचा आवाज वर या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिला, मग थांबला.

"हॅलो. नाई, पत्रिकेचं नाई. एक गोठ इचाराची होती."

वर चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. फलकला उठून निघून जावंसं वाटलं, आणि उठता आलं नाही.

मग प्रणालीचा आवाज आला, मघाच्यापेक्षा हळू.

"बरं. मंग मले कधी सांगनार होता?"