उणे ऐंशी

त्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात दर सत्राला आठ दिवस कोरे ठेवलेले असत. वादळाचे दिवस. इशारा आला की तळमजल्यावरच्या गाद्या वर जायच्या, पुस्तकं माळ्यावर जायची आणि तिसऱ्या वर्षाची मुलं पत्त्यांचा कॅट शोधू लागायची.

गाळवालीला मात्र वादळ म्हटलं की धडकी भरायची ती फ्रीझरची. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. चार वर्षं ओहोटीची वेळ साधून ती खाडीत मांडीभर चिखलात उतरत होती आणि नळ्यांत गाळ भरून आणत होती. त्या साऱ्या नळ्या उणे ऐंशी अंशांवर गोठवलेल्या होत्या. तिचा अख्खा प्रबंध त्यांच्यावर उभा होता.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला इतका वेळ लागला की फ्रीझरचा काटा उणे चाळिसावर आला. तेव्हापासून ती जनरेटरच्या खोलीत ठाण मांडून बसली होती. कार्यालयाला ही वीज पंपाकडे वळवायची होती आणि त्यासाठी आधी इंजिन बंद करावं लागणार होतं. दोघं जण येऊन खोटंनाटं सांगून इंजिन बंद करवायला बघून गेले होते. तिने दोघांनाही पिटाळलं होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला समुद्र आवारात शिरला. झाडं मुळासकट आडवी झाली. पत्रे पानांसारखे उडत होते.

मागच्या दारातून वायरमनकाका धडपडत आत आले. त्यांची कानशिलं तापल्यासारखी लाल झाली होती.

"बंद कर! आधी बंद कर!"

"काका, तुम्हीसुद्धा? तासभर द्या फक्त."

"अगं, जनरेटरच्या लाइनचा खांबाजवळचा जोड बुडालाय. आवारातल्या पाण्यात करंट उतरलाय. माझ्या डोळ्यांदेखत कुत्रं ताठ झालं! वसतिगृहाचं छप्पर गेलंय, पोरी पाण्यात उतरायला लागल्यात."

इंजिनाच्या धडधडीत तिला निम्मंच ऐकू आलं. जे ऐकू आलं त्यावर तिचा विश्वास बसला नाही.

"तिसरी थाप आहे ही आजची," असं म्हणून ती स्विचच्या आडवी उभी राहिली.

काकांनी तिला दंडाला धरून ढकललं. ती तापलेल्या धुराड्यावर आदळली आणि कोपराची कातडी सोलवटून निघाली. त्या कळेने तिचं भान सुटलं. हाताला लागला तो मोठा पाना उचलून तिने काकांच्या कपाळावर हाणला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. काका गुडघ्यांवर कोसळले, पण थांबले नाहीत. सरपटत ते स्विचकडे निघाले. तिने त्यांचं मनगट कडकडून चावलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर असा ठोसा मारला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तिला तशीच अंगावर घेऊन त्यांनी स्विचचा दांडा खाली ओढला.

इंजिनाचा आवाज तुटला आणि त्याच्यामागे दडलेल्या किंकाळ्या ऐकू आल्या.

ती दाराशी धावली. समोर चादरींचा दोर धरून मुलींची रांग पायऱ्यांवर खिळली होती. पुढची एक पाण्यात पालथी पडली होती. रेक्टरबाई दोराने तिला ओढायला बघत होत्या, पण जवळ जायची कुणाची छाती होत नव्हती.

"मेलाय करंट! आता उतरा!" काका मागून ओरडले.

गाळवालीने पाण्यात उडी घेतली. फुटक्या काचांनी तिच्या पोटऱ्या चिरल्या. मुलीला पायऱ्यांवर घेऊन ती दोन्ही तळव्यांनी तिची छाती दाबत राहिली. एक बरगडी तिच्या हाताखाली कट्कन मोडली, तरी ती दाबतच राहिली. "ऊठ ग बाई, ऊठ!" मुलगी ओकली, खोकली आणि आईला हाका मारायला लागली. गाळवाली बाजूला होऊन भिंतीला टेकली.

चौथ्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला. काकांना अकरा टाके पडले होते. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं की पत्रा लागला.

गाळवालीने मात्र सगळं कागदावर लिहून कुलसचिवांना दिलं. काकांना ते कळलं तसे ते प्रयोगशाळेत येऊन तिच्यावर खेकसले.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? पत्र्यावर भागलं होतं ना?"

"मी पाना मारला, काका. तुम्ही खरं बोलत होतात, आणि मी..." तिचा ओठ अजून सुजलेला होता.

"आणि मी तुझ्या तोंडावर ठोसा मारला, ते लिहिलंस?"

"नाही."

"मग अर्धंच लिहिलंयस की!" असं म्हणून ते तावातावाने कुलसचिवांच्या खोलीकडे निघाले.

तिला एका सत्रासाठी काढलं, काकांना ताकीद मिळाली. बरगडी मोडलेली ती मुलगी पट्टा बांधून परीक्षेला बसली. आणि परतल्यावर गाळवालीने सगळ्यात आधी नव्या नळ्या आणि भरतीओहोटीचं कोष्टक मागवलं.