चौकातला चष्मा

आमच्या सहलीच्या बसमध्ये गाइडसाठी एक जाचक नियम आहे: अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त गप्प बसायचं नाही. गाइड गप्प झाला की प्रवासी मोबाइल काढतात, असं मालकांचं म्हणणं. राजवाडा, वस्तुसंग्रहालय, घंटाघर, जुना बाजार यांवर मी झोपेतसुद्धा बोलेन. पंचाईत व्हायची ती शहराच्या संस्थापकांच्या पुतळ्यापाशी. त्या चौकातला सिग्नल तीन मिनिटांचा आणि पुतळ्याची माहिती जेमतेम दोन वाक्यांची.

त्याच चौकात माझ्या सासऱ्यांचं चष्मे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. चाळीस वर्षं ते तिथे बसून मोहरीएवढे स्क्रू पिळत होते. मग रस्ता रुंद करायची नोटीस आली आणि सासऱ्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "दुकान गेलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे?" एवढंच विचारत राहायचे.

बायको म्हणाली, "दिवसभर दगडाधोंड्यांचं कौतुक करता. एकदा आमच्या बाबांबद्दल बोललात तर जीभ झिजेल का तुमची?"

दुसऱ्याच दिवशी सिग्नल लागला आणि मी ठोकून दिलं, "संस्थापकांचा चष्मा ह्याच दुकानात दुरुस्त व्हायचा!"

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "पण पुतळ्याला चष्मा कुठाय?"

"दुरुस्तीला दिलाय," मी म्हणालो.

सगळी बस हसली. पण विनोद बसमध्येच राहिला आणि माहिती तेवढी शहरभर फिरली. दोन महिन्यांत लोक दुकानाचे फोटो काढू लागले. पर्यटकांच्या नकाशावर दुकानाला लाल टिंब मिळालं. मग वारसा खात्याचे साहेब स्वतः आले आणि सासऱ्यांना खरंखोटं विचारू लागले.

सासरे उभ्या जन्मात खोटं बोललेले नाहीत. म्हणाले, "अहो, ते वारले तेव्हा माझे आजोबासुद्धा जन्मले नव्हते." साहेबांनी वहीत लिहून घेतलं: दुकान आजोबांच्याही आधीचे.

रस्ता वळवला. दुकान वाचलं. पुतळ्याला पितळी चष्मा बसवायचं ठरलं, तेव्हा तो सासऱ्यांनीच घडवला, आणि असा बेमालूम, की जुन्या फोटोंमधला पुतळाच खोटा वाटावा. सासुरवाडीत माझं वजन भलतंच वाढलं. सासूबाई मला आधी वाढू लागल्या.

मग खात्याचं पत्र आलं. संरक्षित वास्तूत धंदा करता येणार नाही. सासऱ्यांचे चिमटे काचेच्या पेटीत गेले. खुर्चीभोवती दोरी आली आणि पाटी लागली, 'बसू नये'. मी साहेबांच्या पायांशी लोळण घ्यायची तेवढी बाकी ठेवली. सगळं मीच रचलंय म्हणून कबूल केलं.

साहेब म्हणाले, "तुम्ही गाइड आहात. इतिहासातलं तुम्हाला काय कळतं?"

आता सासरे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या बसमध्ये खिडकीशी येऊन बसतात. पहिल्या दिवशी मी नको म्हणालो, तर म्हणाले, "जावईबापू, कुठेतरी जायला हवं ना." मला इतकी लाज वाटली, की मी तिकडे बघायचंच सोडलं.

परवा चौकात सिग्नल लागला. मी पुतळा सांगितला, चष्मा सांगितला, दुकान सांगितलं. लोकांनी फोटो काढून मोबाइल खिशात ठेवले. तेवढ्यात सासऱ्यांनी हात वर केला.

"गाइडसाहेब, त्या खुर्चीत जो बसायचा, त्या माणसाचं काय झालं हो?"

पन्नास माना माझ्याकडे वळल्या. सिग्नलला अजून दोन मिनिटं होती. मी माइक तोंडाशी धरला, पण शब्द फुटेना.

हळूहळू एकेकाने पुन्हा मोबाइल काढला.