बाद ठरलेल्या तबकडीचा प्लेअर

जुना म्हणा मित्रांनो, त्याला माझी हरकत नाही. मी एचडी डीव्हीडी प्लेअर, वय वर्षं एकोणीस, मुक्काम सौंसर, सुधाकरभाऊंच्या फोटो स्टुडिओतलं लोखंडी कपाट. पण मला 'हरलेला' म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. कोण हरलं आणि कशात हरलं, ते आधी ऐका.

माझा जन्म झाला तेव्हा दोन तबकड्यांचं भांडण पेटलं होतं. आमची एचडी डीव्हीडी आणि त्यांची ब्लू-रे. दोघींना वाचणारा लेझर किरण निळाच, दोघींचं चित्रही सारखंच लख्ख. त्यांच्या तबकडीत जास्त मावायचं, हे मी कबूल करतो. मग भांडण कशाचं? पेटंटचं! पेटंट म्हणजे 'ही युक्ती माझी, वापरायची तर माझा परवाना घ्या आणि माझा वाटा द्या' असा कायद्याचा कागद. जी तबकडी टिकेल, तिच्या मालकांना जगातल्या प्रत्येक प्लेअरमागे वाटा मिळणार होता. दोघांनी मिळून एकच तबकडी काढू, अशी बोलणीही झाली. पण आपला कागद खाली ठेवायला कोण तयार होतंय! बोलणी फिसकटली. २००८ सुरू होताच एका मोठ्या सिनेमा कंपनीने आमची बाजू सोडली आणि दीड महिन्यात माझ्या कंपनीने मला बनवणंच थांबवलं. माझं चित्र बिघडलं म्हणून नव्हे हं! चित्राकडे बघितलं कोणी?

त्याच्या थोडं आधी सुधाकरभाऊंच्या मावसभावाने मला परदेशातून आणलं होतं. भाऊ लग्नांचं शूटिंग करायचे. साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही आमच्या पद्धतीने लग्न उतरवता येतं, हे त्यांना कळलं आणि ते हरखूनच गेले. त्या हंगामातली नऊ लग्नं त्यांनी तशी उतरवली. ती तबकडी दिसायला साधी, पण धड चालणार फक्त माझ्यासारख्या प्लेअरमध्ये. "दिवाळीपर्यंत घरोघरी हेच प्लेअर येऊन राहिले," असं भाऊ छातीठोकपणे सांगायचे. त्या भरवशावर त्यांनी कॅमेऱ्याच्या टेपा पुसून पुढच्या लग्नांना वापरल्या. त्या वेळी स्टुडिओत माझा काय थाट होता म्हणता! नवरानवरी आपलं लग्न बघायला यायचे आणि माझ्यासमोर हात जोडायचे.

दिवाळी आली, प्लेअर आले नाहीत. लोक तबकड्या परत घेऊन आले. भाऊंनी लाजेपोटी एकच उत्तर धरलं, "डिस्क खराब झाली असन." आणि मला कपाटात कोंबलं. कंपनीने टाकलं त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण भाऊंनी माझ्यावर कपडा टाकला, तेव्हा मला फार राग आला. अजून आहे.

गेल्या मंगळवारी पांढुर्ण्याहून अर्चनाताई आल्या. सोबत धाकटा भाऊ प्रफुल्ल. त्या नऊ लग्नांतलं एक लग्न अर्चनाताईंचं. तेव्हा प्रफुल्ल सात वर्षांचा होता. त्यांची आई प्रमिलाबाई संत्र्यांच्या बागेत तोडणीला जायच्या आणि गळा असा की सारी बाग ऐकत राहावी. बुद्धवंदना झाल्यावर लेकीच्या लग्नात त्या स्वतः रचलेलं गाणं गायल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. या रविवारी प्रफुल्लचं लग्न होतं, आणि आईचं गाणं तिथे वाजावं, असं ताईंच्या मनात होतं.

भाऊंनी तबकडी हातातही घेतली नाही. "खराब झाली असन, बाई. जुनी गोष्ट हाये."

"लॅपटॉपवर माय दिसते न भाऊ," प्रफुल्ल दारातूनच म्हणाला. "अडकत अडकत दिसते. ओठ हालतात, पण आवाजच येत नाही. मले तिचा आवाज आठवत नाही."

भाऊंनी तबकडी हातात घेतली. कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "डिस्क चांगली हाये, अर्चनाबाई. अठरा वर्षं मी खोटं बोलून राहिलो."

"मंग आता तरी काढा न ते मशीन!" ताई कडाडल्या.

मला बाहेर काढलं. टीव्हीला वायर जोडली. दिवा लागला, पण तबकडीचं ताट काही बाहेर येईना. आतला रबरी पट्टा चिकट होऊन तुटला होता. भाऊ म्हणाले, "आता याचा पट्टा कुठं भेटते?" मी मनात म्हटलं, अरे, पेटंटची मुदत वीस वर्षांची असते. माझ्या वेळचे कागद एकेक करून संपत आले, मी अजून संपलो नाही. तुम्ही कसे हात टेकता? प्रफुल्लने शेजारच्या सायकल दुकानातून जुन्या ट्यूबची बारीक गोल रिंग कापून आणली. ती बसवली. ताट बाहेर आलं.

मी मुळातच सावकाश. तबकडी आत घेतली, दोनदा कुरकुरलो. ताई टीव्हीजवळ सरकल्या. आणि मग मी सगळा जोर लावून गायलो.

मांडव दिसला. जांभळ्या पातळातल्या प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. "लेक माही चालली गं, संत्र्याच्या बागेतून..." काय आवाज तो! सायकलवाला काम टाकून दारात आला. दुसरं कडवं सुरू झालं आणि बाई मध्येच थांबल्या, कॅमेऱ्याच्या बाजूला बघून डाफरल्या, "ए प्रफुल्ल, उभा काहून राहिला? खाली बस, बाप्पा!"

दाराशी उभा असलेला पंचविशीतला प्रफुल्ल तिथेच मटकन खाली बसला.

प्रमिलाबाईंनी पदर सावरला आणि पुढचं कडवं उचललं. भाऊंनी वहीतून उरलेल्या आठ घरांचे फोन नंबर शोधायला घेतले.

मित्रांनो, कोणती तबकडी चालवायची हे मोठ्या कंपन्या ठरवतील, ठरवू देत. पण तुमच्या घरातलं कोणतंही जुनं यंत्र टाकण्याआधी त्याच्यात कोणाचा आवाज राहिला आहे का, ते एकदा लावून बघा. माझ्यासाठी भंगारवाला येत असेल तर खुशाल येऊ द्या. प्रमिलाबाईंचं गाणं संपेपर्यंत त्यालाही बाहेर थांबावं लागेल.