हलक्या मुद्रांकाची कैफियत

मित्रांनो, न्यायालयाच्या लोखंडी कपाटात, जाड दोऱ्याने बांधलेल्या फायलीत पडून असलेला मी एक जुना मुद्रांक कागद आहे. एका भावाने बहिणीला दिलेला शब्द माझ्या पोटात आहे. पण तो वाचायला मनाई आहे. असं का झालं, ते ऐका.

सरकारी छापखान्यात माझा जन्म झाला. घर किंवा जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाते, तेव्हा सरकारला कर द्यावा लागतो. तो भरल्याची खूण म्हणजे आम्ही. मालमत्ता जेवढी मोठी, तेवढा कागद भारी. मी मात्र सगळ्यात हलका. एखादं साधं प्रतिज्ञापत्र पेलावं, एवढीच माझी ऐपत.

एका सकाळी मुद्रांक विकणाऱ्याच्या टेबलापाशी एक घड्याळजी आला. सोबत त्याची धाकटी बहीण होती. ती कपडे शिवायची. घर भावाच्या नावावर होतं, पण त्यावर वरचा मजला चढला तो बहिणीच्या शिलाई मशीनच्या कमाईवर. बारा वर्षं ती पायडल मारत राहिली होती. म्हणून वरची खोली तिला द्यायचं ठरलं होतं. करापुरते पैसे तिने रुमालाच्या गाठीत बांधून आणले होते.

"पुऱ्या किमतीचा मुद्रांक द्या," ती म्हणाली.

"अगं वेडे," भाऊ हसला, "खोली काय परक्याला चाललीये? घरातली घरात! त्याला कसला आलाय कर? घे हा हलकासा. उरलेल्या पैशात माझ्या दुकानाला काचेचं कपाट होईल."

शेजारी बसलेल्या दस्तलेखकाने चष्म्यावरून पाहिलं. "ताई, खोली भेट द्यायची तर पुरा मुद्रांक लागतो. वर नोंदणीही लागते. नाहीतर या कागदाला काही अर्थ नाही."

"काका, आम्ही बहीणभाऊ काय एकमेकांना कोर्टात खेचणार आहोत?"

"मग तुम्हीच लिहा. माझा हात नको त्यात."

भावाने खरोखरच स्वतःच्या हाताने लिहिलं: 'वरची खोली मी माझ्या बहिणीला कायमची दिली.' खाली झोकात सही केली. बहिणीचे डोळे भरून आले. मित्रांनो, मीही तेव्हा फुशारलो. वाटलं, हलका असलो तरी केवढं मोठं ओझं उचललंय मी!

पुढची वर्षं सुखाची गेली. नव्या कापडाच्या घडीत ती मला ठेवायची. गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायची. मशीन चालवता चालवता गुणगुणायची:

दादाच्या गं सहीनं
दार मला दिलं
उन्हाच्या चौकोनानं
घर माझं भरलं

मग घराला गिऱ्हाईक आलं. त्याचे कागद भारी होते, कर पुरा भरलेले, नोंदणी झालेले. भाऊ जिना चढून वर आला तो उंबऱ्यातच थांबला.

"महिन्याभरात खोली रिकामी कर."

"दादा, ही माझी आहे. तूच लिहून दिलंयस."

"मग दाखव की कोर्टात."

तिने दाखवलं. भावाचा वकील उठला आणि म्हणाला, "मुद्रांक अपुरा आहे, नोंदणी नाही. हा कागद पुराव्यात घेता येणार नाही." न्यायाधीशांनी मला उलटसुलट करून पाहिलं. त्यांनी ती ओळ वाचली, मला दिसलं. पण म्हणाले, "बाई, दंडासकट कर भरलात तर मुद्रांक पुरा होईल. नोंदणीची मुदत मात्र केव्हाच गेली. तिच्याशिवाय खोली तुमची होत नाही." मग भावाकडे वळून त्यांनी विचारलं, "अक्षर तुमचंच ना?"

मी कान टवकारले. एक 'हो' म्हणायला काय लागतं?

"कागदच चालत नाही साहेब," तो खाली बघत म्हणाला, "मग अक्षराचं काय घेऊन बसलात?"

त्या क्षणी माझ्यावरची शाई मला चटके देऊ लागली. ज्या हाताने मला बोलतं केलं, त्यानेच माझी जीभ आधी कापून ठेवली होती.

निकालानंतर ती कारकुनापाशी आली. "खोली राहू दे. तो कागद तेवढा परत द्या. दादाचं अक्षर आहे त्यावर."

"तो जप्त आहे, ताई. आधी कर आणि दंड भरा."

"खोलीच गेली," ती म्हणाली, "आता कर कशाचा भरू?"

कारकुनाने मला फायलीत घालून दोरा आवळला. ती गेली. त्यानंतर मला कुणी उघडलं नाही.

मित्रांनो, कर जड असतो, मला मान्य आहे. तो एवढा जड नसता, तर साध्या माणसांना असा मोह पडला नसता, हेही सरकारातल्या मोठ्यांच्या कानावर घाला. पण आम्हाला अर्धवट सोडू नका. पुरा कर भरा, नोंदणी करा, मगच निश्चिंत व्हा. आणि कुणी लाडाने म्हणालं, "आपल्या माणसांत कागद कशाला?", तर त्याच्या सहीकडे नंतर बघत बसण्यापेक्षा आधी एकदा त्याच्या डोळ्यांत बघा.