आर्डिस क्वामेने घरी बसावं

“झायगलर, वॉल्टर?” विधानसभेच्या सचिवांनी यादीतलं शेवटचं नाव पुकारलं.

“मर्ल हेगडाल,” झायगलरांनी उभं राहून मत दिलं आणि खाली बसून अर्धवट राहिलेलं शब्दकोडं सोडवायला लागले.

पन्नास विरुद्ध पन्नास.

वर वार्ताहरांच्या गॅलरीत आर्डिस क्वामेने वहीत आकडा लिहिला नाही. तो तिने सकाळी घरून निघतानाच लिहिला होता. तिने फक्त वेळ लिहिली. दहा वाजून अकरा मिनिटं, म्हणजे शुक्रवारपेक्षा एक मिनिट लवकर. बातमीत नवीन म्हणावं असं एवढंच होतं.

“आता काय होणार?” शेजारच्या माणसाने विचारलं.

“आता जेवण,” आर्डिस म्हणाली.

शेजारी बसला होता तो वाउटर. ब्रसेल्सच्या एका वर्तमानपत्राचा. जगात कुठेही राज्यकारभार अडकला की त्याचं वर्तमानपत्र त्याला तिकडे धाडत असे, आणि गाडं हललं रे हललं की खर्च वाचवायला लगेच परत बोलावत असे. त्यामुळे चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने एकही सरकार स्थापन होताना पाहिलं नव्हतं. बेलफास्ट, बैरुत, साराएव्हो, सगळीकडे तो दार उघडायच्या आदल्या दिवशी विमानात बसलेला.

“तुमचे किती दिवस झाले?” त्याने विचारलं.

“आज एकशे तेरा.”

“सुरुवात आहे. आमच्याकडे पाचशे एकेचाळीस झाले होते.” दवाखान्याच्या बाकावर म्हातारे एकमेकांना साखरेचे आकडे सांगतात त्या सुरात तो बोलत होता. “लोकांनी चौकात फुकट बटाटे तळून वाटले. तुमच्याकडे काय करतात?”

आर्डिसने जरा विचार केला. “आमच्याकडे कुणाला कळलेलं नाही अजून.”

ते जवळजवळ खरंच होतं. सभागृहाच्या एका बाजूला खिडक्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला भिंत. राजधानीत लोक पक्षांची नावं घेत नाहीत, खिडकीवाले आणि भिंतवाले एवढंच म्हणतात. नोव्हेंबरात दोघांचे पन्नास-पन्नास आमदार निवडून आले आणि जानेवारीपासून सभापती निवडायचा राहिला तो राहिलाच. नाणेफेक करावी, असा ठराव आला. पन्नास विरुद्ध पन्नास. नाणं कोणतं घ्यावं हे ठरवायला समिती नेमावी, असा दुसरा ठराव आला. त्याचंही तेच. पहिल्या आठवड्यात टीव्हीवाले आले होते. खाली वार्ताहरांच्या खोलीत एकतीस टेबलं होती. त्यांतली तीस आता खुर्च्या उलट्या ठेवायला वापरत. एकतिसावं आर्डिसचं.

ती एकोणतीस वर्षं तिथे बसत होती. तिने कधी कुठलं मोठं प्रकरण उघडकीला आणलं नव्हतं. तिच्या बातमीमुळे कुणी राजीनामाही दिला नव्हता. एका आमदाराने एकदा दिला, पण त्याला दाढदुखी होती. कोण काय बोललं आणि कुणी कुठे मत दिलं, ते ती लिहायची, आणि ते बरोबर असायचं. एवढंच.

मंगळवारी दुपारी दुसऱ्या राज्यातून तिच्या संपादकाचा फोन आला. वर्तमानपत्र आता तिकडच्या एका कंपनीचं होतं. संपादकाचं नाव केडन. तो आर्डिसला कधी भेटला नव्हता.

“आर्डिस, तुमचं काम आम्हांला फार आवडतं,” तो म्हणाला. आर्डिसने लगेच खुर्ची ओढून घेतली. इतकं गोड बोलणं उभ्याने ऐकू नये हे तिला माहीत होतं. “पण कालची बातमी एकेचाळीस लोकांनी वाचली.”

“सोमवारच्या मानाने बरे आहेत.”

“त्यातला एक मी होतो. आम्ही राजधानीचं कार्यालय बंद करतोय. गुरुवार शेवटचा.”

“आणि विमा?”

“महिनाअखेरपर्यंत आहे. काळजीच करू नका.”

महिना अकरा दिवसांत संपत होता. आर्डिसच्या नवऱ्याच्या, हार्लनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला होतं. चौतीस वर्षं धान्याच्या कोठारांच्या शिड्या चढून गुडघ्याची वाटी झिजली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता नवीनच बसवू. नवीन वाटीची किंमत त्यांच्या गाडीपेक्षा जास्त होती, आणि गाडीसुद्धा लंगडतच होती.

बुधवारी अकराच्या सुमाराला आर्डिसच्या टेबलासमोर दोन सावल्या पडल्या. तिने वर पाहिलं आणि आधी चष्मा पुसला. मर्ल हेगडाल आणि कॉनी ड्रेसलर शेजारीशेजारी उभे होते. मर्ल खिडकीवाल्यांचा नेता, कॉनी भिंतवाल्यांची. एकशे पंधरा दिवसांत हे दोघं लिफ्टमध्येसुद्धा एकत्र चढले नव्हते.

“कुणी गेलं का?” आर्डिसने विचारलं.

“नाही गं,” मर्ल म्हणाला. तो तिच्याबरोबर शाळेत होता, आणि तेव्हाही काही हवं असलं की असाच हसायचा. “तुझी नोकरी गेल्याचं कळलं. वाईट वाटलं.”

“मलाही फार वाईट वाटलं,” कॉनी घाईने म्हणाली. मर्लच्या मागे राहायला ती कशातच तयार नसे.

मग दोघांनी मिळून सांगितलं. अठराशे एक्याण्णव साली इथल्या आमदारांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत दारं लावून स्वतःचा पगार दुप्पट केला होता. लोकांनी त्यांतल्या काहींना नदीत बुडवून काढलं. तेव्हापासून नियम आहे की राज्यात छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्राचा निदान एक वार्ताहर गॅलरीत असल्याशिवाय सभागृह भरत नाही. आणि ठरलेल्या दिवशी सभागृह भरलं नाही, तर अधिवेशन तिथेच संपतं. पुढच्या जानेवारीपर्यंत गव्हर्नर गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर राज्य चालवतात आणि आमदार घरी जातात.

“शेवटची वार्ताहर तू आहेस,” मर्ल म्हणाला.

“म्हणजे शुक्रवारी मी नसले, तर तुम्ही सुटलात.”

“आणि खापर आमच्यावर नाही, त्यांच्यावरही नाही,” कॉनी म्हणाली. “वर्तमानपत्रांचा धंदा बसला, त्याला कोण काय करणार? आर्डिस, अभिलेखागारात एक जागा आहे. जुनी कागदपत्रं लावायची. शुक्रवारी सकाळी नऊला रुजू व्हायचं. विमा पहिल्या दिवसापासून.”

“गुडघ्यासकट,” मर्ल म्हणाला. “मी विचारून घेतलंय.”

आर्डिसने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाली, “हे तुम्हां दोघांनाही मान्य आहे?”

“हो.”

“म्हणजे एकमत?”

“पूर्ण,” दोघं एका आवाजात म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून जरा दचकले.

आर्डिसने पेन्सिल उचलली.

“अगं, हे छापायचं नाही हं,” मर्ल म्हणाला.

“कशात छापू?” आर्डिस म्हणाली.

यावर तिघंही हसले. मर्ल सगळ्यांत जास्त हसला.

गुरुवारी तिने शेवटची बातमी पाठवली आणि घरी जाऊन, गेली अकरा वर्षं दर गुरुवारी करायची तसं, चर्चचं साप्ताहिक पत्रक जुळवायला बसली. बेथानी लुथेरन चर्च, चार पानं, एकशे वीस प्रती. भजनांचे क्रमांक, आजाऱ्यांची नावं, कॉफी कुणाकडे. हार्लन समोर पाय खुर्चीवर ठेवून मटार सोलत होता.

“उद्या नऊला का?” त्याने विचारलं.

“नऊला. अभिलेखागार तळघरात आहे.”

“बरं आहे. ऊन लागणार नाही.” त्याने एक शेंग सोलली. “तिथे काय करतात?”

“मेलेल्या लोकांची मतं फायलीत लावतात.”

“आणि वरच्यांची?”

“वर कुणी असणारच नाही. सगळे घरी.”

हार्लनने सोललेले दाणे वाटीत ढकलले. “मर्लला बरं वाटेल,” तो म्हणाला. “शाळेतही तो पेपर न देता पास व्हायचा.”

“गुडघ्याचं काय?”

“गुडघा माझा आहे ना? मला कुणी विचारलं? मर्लने विचारलं, कॉनीने विचारलं. सगळ्या राज्याला माझ्या गुडघ्याची काळजी.” त्याने वाटी तिच्याकडे सरकवली. “एक सांगतो. तू रोज सकाळी दहा वाजता घरी असलीस, तर मला तुझ्याशी बोलावं लागेल. त्यापेक्षा दुखलेलं परवडलं.”

“तळघरात असेन, घरी नाही.”

“पाचला घरी येशील आणि दिवसभर कुणी काय केलं ते सांगशील. आणि कुणीच काही केलेलं नसेल.”

“आत्ताही कुणी काही करत नाही, हार्लन.”

“हो, पण तू बघत असतेस तेव्हा त्यांना ते उभं राहून करावं लागतं.”

आर्डिसने समोरच्या पत्रकाकडे पाहिलं. तिसऱ्या पानावर कॉफीची पाळी आणि गरजूंसाठी जुने कोट मागणारी सूचना यांच्या मधे दोन इंच जागा मोकळी होती. गुरुवारी नेहमीच राहायची. ती तिथे पास्टरच्या सांगण्यावरून ख्रिस्ताची खूण म्हणून एक मासा काढत असे.

या वेळी तिने मासा काढला नाही.

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं असताना ती गॅलरीत येऊन बसली. खाली शंभर आमदारांपैकी बरेच जण निघायच्या तयारीने, ओव्हरकोट न काढताच बसले होते. काहींनी गाडीत सामान भरलं होतं.

सचिव ऑस्टबींनी वर पाहिलं. त्यांचं वय त्र्याहत्तर. नियम हा एकच नातलग त्यांना उरला होता.

“मिसेस क्वामे, माझ्या माहितीप्रमाणे आपलं वृत्तपत्र आता इथे नाही. आपण कुठल्या वृत्तपत्राच्या वतीने हजर आहात?”

“बेथानी लुथेरन चर्चचं साप्ताहिक पत्रक,” आर्डिस उभी राहून म्हणाली. “इथेच छापलं जातं, चर्चच्या तळघरात.”

खाली खसखस पिकली. मर्ल उठला. “सचिवसाहेब, ते वृत्तपत्र नाही. त्यात कॉफीच्या पाळ्या असतात. मी स्वतः वाचतो.”

ऑस्टबींनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. पानं उलटण्याचा आवाज गॅलरीपर्यंत येत होता. “अठराशे एक्याण्णवची व्याख्या,” ते म्हणाले. “वृत्तपत्र म्हणजे नियमितपणे छापला जाणारा कागद, ज्यात निदान एक तरी बातमी आहे. मिसेस क्वामे, अंक आहे का?”

शिपाई वर येऊन अंक घेऊन गेला. ऑस्टबींनी चष्मा लावला आणि बातमी सापडेपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं, कारण इतिवृत्तात काहीही गाळायची त्यांना सवय नव्हती. भजन क्रमांक दोनशे सात. मिसेस ल्युबके यांचा कंबरेचा त्रास कमी आहे. रविवारची कॉफी टोलेफसन कुटुंबाकडे. मग ते थांबले, आणि त्याच आवाजात पुढे वाचलं:

“बुधवारी सकाळी अकरा वाजता, जानेवारीनंतर प्रथमच, दोन्ही पक्षांच्या नेत्यांचं एका विषयावर पूर्ण एकमत झालं. आर्डिस क्वामेने घरी बसावं, असं दोघांना वाटतं. त्यामुळे सभागृह बरखास्त होईल आणि कुणालाच मत द्यावं लागणार नाही. बदल्यात तिला नोकरी देऊ केली आहे. जुने कोट शनिवारपर्यंत आणून द्यावेत.”

खाली खुर्च्या करकरल्या. मग खिडकीवाल्यांनी मर्लकडे पाहिलं आणि भिंतवाल्यांनी कॉनीकडे. आपला नेता समोरच्यांशी बोलतो हे दोन्हीकडच्या बऱ्याच जणांना नवीन होतं.

“हा कागद नामंजूर करावा, असा मी ठराव मांडतो,” मर्ल म्हणाला. त्याच्या मानेवर लाली चढली होती.

मतदान घ्यायचं तर सभागृह भरलेलं हवं, आणि ते भरलंय की नाही ते तर मतदानानेच ठरणार. ऑस्टबींनी तीन सेकंद विचार केला आणि यादी उचलली.

आता कॉनीलाही कागद नामंजूरच हवा होता. पण ठराव मर्लने मांडला होता, आणि तिच्यामागे एकोणपन्नास माणसं तिच्या पाठीकडे बघत होती. “विरुद्ध,” ती म्हणाली. झायगलरांचं नाव येईपर्यंत अकरा मिनिटं गेली.

पन्नास विरुद्ध पन्नास. बहुमताअभावी ठराव फेटाळला. आर्डिस क्वामे, बेथानी लुथेरन पत्रक, हजर.

मग सभापतिपदाचं मतदान झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वाउटरचा तो दिवस हुकला. आमदार निघायच्या बेतात आहेत असं त्याने कळवताच त्याच्या वर्तमानपत्राने त्याला गुरुवारीच परत बोलावलं होतं.

अभिलेखागारातली जागा दुपारी रद्द झाली. पत्र दोन ओळींचं होतं आणि त्याखाली मर्ल आणि कॉनी दोघांच्याही सह्या होत्या. हार्लनने हॉस्पिटलला फोन करून सहा तारीख सोडली. कारण काय लिहू, असं पलीकडच्या बाईने विचारलं.

“बायको कामावर गेलीय म्हणून लिहा,” तो म्हणाला.

सोमवारी आर्डिसचा बिल्ला दाराला चालला नाही. पहाऱ्यावरच्या डेलने तो दोनदा यंत्रावर घासून पाहिला, एकदा बाहीला पुसून पाहिला. तो एकोणीस वर्षं तिला रोज बघत होता.

“वार्ताहरांच्या यादीतून नाव काढलंय गं तुझं,” तो म्हणाला. “पाहुण्यांच्या रांगेत जावं लागेल. मी काही करू शकत नाही.”

“तू काय करणार? जाते की.”

रांगेत तिच्यापुढे एका शाळेची सहल होती. चाळीस मुलांची दप्तरं एकेक करून यंत्रातून गेली. एकाच्या दप्तरात कासव निघालं, त्यावर थोडी चर्चा झाली. मग आर्डिसची पिशवी गेली. बाईने तिच्या कोटावर ‘पाहुणा’ असं लिहिलेला निळा कागद चिकटवला. कागद लोकरीवर नीट बसेना. आर्डिसने तो तळव्याने दाबून धरला आणि तसाच धरून जिना चढली.

गॅलरीचं दार ढकललं तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. एकोणतीस वर्षांत तिला पहिल्यांदाच उशीर झाला होता. खाली ती शंभर माणसं उभी होती. कुणी शब्दकोडं सोडवत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. ऑस्टबी कामकाज सुरू करायचा हातोडा उचलून वर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि तो किती वेळ उचललेला होता कोण जाणे.

आर्डिसने एक हातमोजा काढला, मग दुसरा, आणि बसली.