दुनळीचे दोन नंबर

टेबलावर गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर बंदूक सुटी करून मांडली होती. दोन नळ्यांचा जोड एक, दस्ता एक, नळ्यांखाली बसणारी लाकडी पट्टी एक, तेलाची बाटली एक, चिंध्या तीन, काडतुसं सात. शेजारी बाबांचा परवाना, गिरणीवाल्याचा खरेदीचा दाखला आणि विक्रीचा अर्ज. अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं.

बाबांच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला होता. डॉक्टरने परवान्याच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. मग कायदा सरळ होता. महिनाअखेरीपर्यंत बंदूक परवानेवाल्या माणसाला विकायची, नाहीतर ठाण्यात जमा करायची. ठाण्यात जमा झालेली बंदूक म्हणजे सासरी गेलेली लेक, परत येते ती चार दिवसांची पाहुणी म्हणून, असं बाबा म्हणायचे. गिरणीवाल्याचं शेत आमच्या शेताच्या खालच्या अंगाला. बंदूक त्याच्याकडे गेली तर रानडुकरांवर जरब राहणार होती. ती ठाण्यात गेली तर दाण्यावर आलेला मका डुकरांच्याच घशात जाणार होता. आणि गिरणीवाल्याच्या दाखल्याची मुदत उद्या संपत होती.

"खुळखुळा आहे हो हा," गिरणीवाला म्हणाला. त्याने बंदूक जोडून कानाशी हलवली होती. "नळ्या डुलतात."

"तुझे दात डुलत नाहीत?" बाबा म्हणाले. "म्हातारी झाली ती. पण बार कसा खणखणीत काढते, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक आहे म्हणून मी माझं तोंड तिच्यामागे धरू?"

मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गिरणीवाला विडी पानाऐवजी कागदात वळायचा, त्याच्या पाकिटातला पातळ कागद मी मागून घेतला. नळ्यांचं बूड आणि मागची लोखंडी भिंत यांच्यामधे तो ठेवून बंदूक मिटली. कागद सहज ओढून निघाला. दोन ठेवले, तेही निघाले. तीनही निघाले. चौथा अडकला.

"तीन कागदांची फट आहे," मी म्हटलं. "स्फोटाची हवा मागे येऊ शकते."

"घ्या! पोरीला शिकवली, आता ती बापाचीच बंदूक नापास करते," बाबा म्हणाले, पण हसले नाहीत.

मी अर्जाकडे वळले. नव्या अर्जात दोन रकाने होते. चापाखालच्या पट्टीवरचा नंबर आणि नळ्यांच्या पोटावरचा नंबर. परवान्यावर शेवटचे आकडे सदतीस. पट्टीवर सदतीस. मी नळ्या परत सुट्या करून उलट्या केल्या, चिंधीने वंगण पुसलं.

अडतीस.

परत पुसलं. अडतीसच.

गिरणीवाल्याने मान पुढे केली, वाचलं, आणि हळूच मागे घेतली. "हे मी पाहिलं नाही," तो उठत म्हणाला. "उद्या दहाला ठाण्यात येतो. सरळ असलं तर सही करीन. वाकडं असलं तर मी तिथे कशाला आलो होतो तेही मला आठवणार नाही."

तो गेल्यावर बाबा खुर्चीत बसले ते बसलेच. अडतीस नंबर कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. आजोबांनी एकाच कारखान्यातल्या, एकापाठोपाठच्या नंबरांच्या दोन दुनळ्या घेतल्या होत्या. सदतीस थोरल्याला, म्हणजे बाबांना. अडतीस धाकट्याला. धाकटा काका गल्लीपलीकडे राहत होता आणि दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्या दिवशीच झालं," बाबा म्हणाले. "याच टेबलावर. दोघांच्या बंदुका खोलल्या होत्या, तेल देत होतो. बांधावरच्या झाडाचा विषय निघाला. मी म्हटलं तोडायचं, तो म्हणाला माझ्या मढ्यावरून तोड. शब्दाने शब्द वाढला. त्याने हाताला लागेल ते उचललं, मी राहिलं ते ठेवलं."

"आणि नऊ वर्षांत कधी पाहिलं नाही?"

"परवान्याच्या वेळी कारकून चापाखालचाच नंबर बघायचा. नळ्यांच्या पोटात कोण डोकावतंय?"

मी सायकल काढून ठाण्यात गेले. परवान्यांचा कारकून खिडकीजवळ बसायचा. त्याच्या टेबलावर शिक्के उंचीने लावलेले असत, आणि पेन तो सुतळीने खुर्चीला बांधून ठेवायचा.

"समजा," मी म्हटलं, "एका परवानेवाल्याने दुसऱ्या परवानेवाल्याला बंदूक उसनी दिली..."

"समजा म्हणणाऱ्याच्याच घरी ते घडलेलं असतं," कारकून म्हणाला. "बोल."

"किती दिवस चालतं?"

"तीन दिवस बिनकागदी. चौथ्या दिवशी ती उसनी राहत नाही, बेकायदा होते. देणारा आत, घेणारा आत. दोघांचे परवाने रद्द, दोन्ही बंदुका जमा."

"आणि नुसता एखादा भाग? नळ्या वगैरे?"

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "नळ्या म्हणजेच बंदूक. मात्र मालक डोळ्यांदेखत उभा असला, तर हातात दिलेल्या वस्तूला उसनं धरत नाहीत. उद्या तुझ्या वडिलांची विक्री आहे ना? आणा. नवे साहेब कडक आहेत. मी खोलून दोन्ही नंबर वाचणार."

सायकल मी हातात धरून चालतच परत आले. वाटेत हिशेब केला: मुभा तीन दिवसांची, आणि आमची नऊ वर्षं.

काकांच्या दारात काकू धान्य पाखडत होती. मला बघून सूप थांबलं. "अगं बाई, कावळा ओरडला नाही आणि पाहुणा आला. ये." मग आतल्या दिशेने, "अहो, थोरल्यांची लेक आलीय."

काका बाहेर आले. मी सगळं सांगितलं, सरळ, एकही शब्द न सजवता. ते ऐकत राहिले आणि त्यांचा जबडा आवळत गेला.

"म्हणजे माझ्या नळ्या तुझ्या बापाकडे, आणि त्याच्या माझ्याकडे."

"हो."

"आणि हे त्याला आज कळलं. विकायच्या आदल्या दिवशी."

"मला कळलं. मी पुसलं म्हणून."

"वा! आज नळ्या मागतोय, उद्या दस्ता मागेल, परवा म्हणेल जमिनीचा तुकडाही बदलून पडलाय." काका उंबरठ्यावर वाट अडवून उभे राहिले. "मी नळ्या काखेत मारून गल्लीत उतरायचं, आणि गल्लीच्या तोंडाला शिपाई उभा. तो सुटणार आणि मी अडकणार. मी दूधखुळा आहे का?"

"काका, तुमच्या बंदुकीवर कुठला नंबर आहे तो तरी बघा."

"माझी बंदूक मला ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे तर बघायला काय जातं?" काकू म्हणाली. "नाहीतरी ती हल्ली कडकड वाजते. तुम्हीच म्हणता, संधिवात झालाय तिला."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी बाई असती तर आत गेली असती. काकू जागची हलली नाही. मग तेच आत गेले. कपाटाची किल्ली फिरली, लोखंडावर लोखंड वाजलं. मग चिंधी घासल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बोटांना वंगण.

"आधी त्याला आणायला सांग," ते म्हणाले. "माझ्या दारात. त्याने स्वतः."

मी गल्ली ओलांडली. बाबा म्हणाले, "धाकट्याच्या दारात मी जाऊ? बदललं कुणी? त्याने. आधी त्याने आणावं."

परत गल्ली ओलांडली. काका म्हणाले, "मी बदललं? चोराच्या उलट्या बोंबा! त्याला म्हणावं, उद्या ठाण्यात जा आणि हेच सांग."

तिसऱ्यांदा मी गेले नाही. गल्लीच्या मधोमध उभी राहिले. डाव्या हाताला एक घर, उजव्या हाताला एक घर, दोन्हीकडे अर्धी अर्धी बंदूक, आणि मधे मी, जात्यातल्या दाण्यासारखी.

दिवस कलला. दुपारपासून उकडत होतं, वारा पडला होता, मातीतून वाफ येत होती. आणि गल्लीच्या शेवटी असलेल्या मक्यातून तो आवाज आला. ताटं मोडण्याचा, कडाकड, एका बाजूने सुरू होऊन आत आत जाणारा.

"डुकरं!" काकू ओरडली.

दोन्ही दारं एकदम उघडली. बाबा बंदूक जोडत जोडतच धावले, एका डोळ्याचा माणूस, ढेकळांतून ठेचकाळत. मी त्यांच्या मागे. पलीकडून काका. दोघे बांधाला पोचले ते एकाच वेळी, एक अलीकडे, एक पलीकडे, मधे हातभर माती. दोघांच्या हातात भरलेल्या बंदुका. नऊ वर्षांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

मका मोडतच होता.

काकांनी नजर हटवली आणि बंदूक खांद्याला लावली. नळ्या किंचित डुलल्या. संधिप्रकाशातही मला ते दिसलं. बाबांना डोळ्याने दिसलं असेल असं वाटत नाही. त्यांनी तो आवाज ओळखला असावा.

"उडवू नकोस!" बाबा ओरडले. "तोंडावर येईल तुझ्या!"

काकांचं बोट चापावरच राहिलं. "माझं तोंड," ते वळून न बघता म्हणाले. "तुला कधीपासून काळजी?"

"नळ्या माझ्या आहेत त्या! तुझ्या दस्त्याला बसत नाहीत. तीन कागदांची फट आहे, पोरीने मोजलीय. माझ्या बंदुकीत आहे, तर तुझ्यातही असणार."

"कागदांचं मला सांगू नकोस."

"मग कशाचं सांगू? तुझा डोळा गेला तर दोघांत मिळून दोनच राहतील!"

काका हसले नाहीत. पण बंदूक खांद्यावरून बोटभर खाली आली.

बाबांनी तेवढ्यात नळ्या मोकळ्या करायचा खटका दाबला. बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. वाकले, लाकडी पट्टी ओढली, नळ्या सुट्या केल्या. त्या त्यांनी बांधावर आडव्या ठेवल्या आणि एक पाऊल मागे झाले. हातात नुसता दस्ता उरला. आता त्यांना चिमणीही मारता आली नसती. आणि पलीकडच्या माणसाची बंदूक अजून भरलेली होती.

"काका," मी म्हटलं, माझा आवाज मलाच बारीक वाटला, "कारकून म्हणाला, मालक डोळ्यांदेखत उभा असला तर उसनं धरत नाहीत. दोन्ही मालक उभे आहेत."

"कारकून काय, बांधावर येऊन बसलाय?" काका म्हणाले. बंदूक अजून हातातच. मक्यात एक डुक्कर मचमच खात होतं, जणू घरचं कार्य होतं. काकांनी त्या दिशेला पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. "झाड मी तोडू दिलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतंस."

"ते आपोआप वठलं."

"बघितलं मी. दुसऱ्याच वर्षी."

काकांनी बंदूक उघडली.

नळ्या त्यांनी बांधावर ठेवल्या नाहीत, बाबांच्या हातात दिल्या. मग वाकून स्वतःच्या उचलल्या. बाबांच्या बोटांना खाच सापडेना. "वर, वर घे," काका खेकसले, "नऊ वर्षांत जोडायचीही विसरलास?" काकांच्या बंदुकीचा खटका बसला तेव्हा आवाज वेगळा आला, पेटीचं झाकण बसावं तसा. त्यांनी काडतुसं भरली आणि आवाजाच्या रोखाने दोन बार काढले. डुक्कर एकही पडलं नाही. कळप मोडत-तुडवत नाल्याकडे पळाला, आणि बराच वेळ फक्त दारूचा वास हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला ठाण्यात गिरणीवाला भिंतीला टेकून उभा होता, दाराच्या जरा जास्तच जवळ. कारकुनाने बंदूक खोलली, भिंगातून चापाखालची पट्टी वाचली. "सदतीस." नळ्या उलट्या केल्या. त्याला वेळ लागला. बाबांचा हात माझ्या मनगटावर होता आणि नखं रुतत होती.

"सदतीस," कारकून म्हणाला. मग मला म्हणाला, "काल समजा म्हणत होतीस ते काय झालं?"

"गैरसमज होता, मिटला," मी म्हटलं.

"बरं झालं." त्याने शिक्का उचलला, तेवढ्यात दारातून कुणीतरी बंदूक पुढे केली.

"माझी पण खोलून बघा," काका म्हणाले. "आलोच आहे तर."

कारकुनाने तीही खोलली. अडतीस. आणि अडतीस. त्याने दोन्ही भावांकडे आळीपाळीने पाहिलं, काहीतरी विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं, आणि मग त्याने सुतळीचं पेन ओढून गिरणीवाल्यापुढे केलं.

गिरणीवाल्याने पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "सहीचं काही नाही हो. पण ती काल डुलत होती. माझं तोंड मला प्यारं आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. काकांनी खिशातून विडीच्या कागदांचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. कागद त्याच जातीचा होता, तीच जाडी. मी बाबांची बंदूक जोडली, एक कागद फटीशी धरला, बंदूक मिटली, आणि सरळ रेषेत ओढला.

काल तीन कागद निघाले होते. आज एकही निघाला नाही.